जूनमधले अक्काचे आकडे

मी सूर्याचे फोटो काढतो. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या जाड चष्म्याकडे बघतो आणि मग विषय बदलतो. लातुरात उन्हाचं कौतुक कुणाला? मार्चपासून लोक सावली धरून चालतात. तिथं एक माणूस रोज सकाळी आठला गच्चीवर जातो, दुर्बिणीच्या तोंडावर चंदेरी फिल्मचं झाकण बसवतो, मागे कॅमेरा जोडतो आणि त्याच सूर्याचे सत्तर-ऐंशी फोटो घेऊन खाली येतो, हे ऐकून कुणी हसलं तर मला राग येत नाही. म्हणजे येतो, पण मी दाखवत नाही. बायको म्हणते, दाखवता.

त्या सत्तर-ऐंशी फोटोंतले चांगले निवडायचे, कॉम्प्युटरवर एकावर एक बसवायचे, की सूर्य ज्वारीच्या भाकरीसारखा दिसतो आणि त्यावरचे डाग भाकरीवरच्या डागांसारखे. हे डाग रोज थोडे सरकतात. तेरा-चौदा दिवसांत या कडेपासून त्या कडेला जाऊन दिसेनासे होतात. त्यांची रोजची नोंद ठेवायची, खंड पडू द्यायचा नाही, एवढाच हा छंद आहे. गच्चीचा स्लॅब तापायच्या आत सगळं उरकावं लागतं, नाहीतर खालून गरम हवा उठते आणि चित्र थरथरतं.

मी लातूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. तीस वर्षं पोरांच्या वहीतल्या चुकीच्या नोंदी लाल पेनानं खोडल्या. 'हे रीडिंग येणं शक्य नाही, परत घे,' हे वाक्य मी किती वेळा म्हणालो असेन देव जाणे. दुसऱ्याची चूक मला लांबून दिसते, आणि दिसली की ती बोलून दाखवल्याशिवाय अन्न पचत नाही. हा स्वभाव मी इतकी वर्षं गुण म्हणून मिरवला. आता हे लिहायला बसलोय ते सूर्यासाठी नाही. माझ्या थोरल्या बहिणीसाठी, अक्कासाठी बसलोय. तिला मी खोटं ठरवलं, आणि तेही नको त्या वेळी.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. नांदेडला असते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, तेव्हा ट्रंक कॉल होते. लोक तास-दोन तास वाट बघायचे आणि मग तिकडून कुठूनतरी विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज यायचा. त्या खरखरीतून नेमका माणूस शोधून काढणं हे तिचं काम. मद्रास, कलकत्ता, विजयवाडा, हुबळी. तेलुगू आणि कन्नड तिला येतातच, पण न येणाऱ्या भाषासुद्धा ती नुसत्या आवाजाच्या चालीवरून ओळखायची. पाहुण्यांच्या गर्दीत मागच्या खोलीत कुणी काय कुजबुजलं ते तिला स्वयंपाकघरात कळायचं. आमच्या आईचं एक वाक्य ठरलेलं होतं, "पोरीसमोर हळू बी बोलू नका."

दाजी गेल्यापासून ती वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते, पुढं लहानशी गच्ची. निवृत्तीनंतर सहा-सात वर्षांनी तिचा डावा कान गेला. आयुष्यभर हेडफोन त्याच कानाला होता. डॉक्टरांनी उजवा तपासला आणि सरळ सांगितलं की नस वाळत चालली आहे, हाही जाणार. दोन वर्षं, फार तर तीन. मशीन लावली तर आवाज मोठा येईल, पण स्पष्ट येणार नाही.

हे तिनं मला हसत हसत सांगितलं. शेजारणीची कटकट ऐकायची सुटेल म्हणाली. मग जेवताना मध्येच हात थांबवून म्हणाली, "ह्या दोन-तीन वर्सात काय ऐकायचं ते ऐकून घ्यावं म्हणते रे. पण ऐकावं काय? टीव्हीवर समदे भांडूनच राहिलेत."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की मी लगेच काहीतरी यंत्र जोडायला घेतो. तिच्या गच्चीवर टीव्हीची जुनी अॅल्युमिनियमची अँटेना गंजलेल्या पाइपावर उभी होती. ती उतरवली, नळ्या फूटपट्टीनं मोजून करवतीनं कापल्या, पुन्हा बसवून तोंड आग्नेयेला केलं. तिथून एक वायर खोलीत आणून लहान एफएम रेडिओच्या एरियलला चिमट्यानं पकडवली. रेडिओ अशा ठिकाणी लावला जिथं नांदेडला कुठलंच स्टेशन लागत नाही. नुसती खरखर.

"आता हे काय ऐकू?" अक्का म्हणाली.

मी समजावलं. आठशे-हजार किलोमीटर लांबचं स्टेशन आपल्याला लागत नाही, कारण जमीन गोल आहे आणि एफएमच्या लहरी सरळ निघून जातात. पण आकाशात उल्का जळते तेव्हा तिच्यामागे उंचावर एक पट्टा क्षणभर तयार होतो आणि त्या लहरी त्याच्यावर आपटून खाली येतात. तेवढाच क्षण ते लांबचं स्टेशन इथं ऐकू येतं. अर्धा शब्द, गाण्याचा एक तुकडा, की पुन्हा खरखर. म्हणजे एक उल्का पडली. ढग असोत, ऊन असो, काही फरक पडत नाही. माझ्या सूर्याचं तसं नाही, एक ढग आला की दिवस वाया.

ती इअरफोन उजव्या कानाला लावून बसली. दहा मिनिटं काही नाही. मग एकदम तिची मान वर झाली.

"तमिळ हाय," ती म्हणाली. "बाईमानूस. अर्धंच बोलली आन गेली."

मी इअरफोन माझ्या कानाला लावला, तोवर संपलं होतं. तिच्या चेहऱ्यावर मात्र असा आनंद होता की मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

मोजायची पद्धत तिची स्वतःची. मी वही-पेन दिलं होतं, ते तिनं बाजूला ठेवलं. लिहायला मान खाली घातली की पुढचा निसटतो म्हणाली. तिनं समोर एक स्टीलची वाटी ठेवली. बारीक, झटकन जाणारा आला की वाटीत ज्वारीचा एक दाणा. लांब रेंगाळणारा आला की शेंगदाणा. तास भरला की दाणे मोजायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत आकडा लिहायचा, वाटी रिकामी करायची आणि पुन्हा बसायचं. त्याच चौकटीत गॅस कधी लागला आणि कामवाली कधी आली नाही हेही असायचं. पहाटे अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला भस्म आणि पाचला रेडिओ. दहापर्यंत बसायची. मग ते दाणे पुन्हा डब्यात. "आज चांदण्याची भाकर खाल्ली," असं मला फोनवर सांगायची.

आम्हा चार-पाच हौशी लोकांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. औशाचे एक शिक्षक, धर्माबादचे मिरचीचे एक व्यापारी, असे. सगळ्यांच्या नोंदी एका तक्त्यात भरायचं काम माझ्याकडे, कारण ते मीच माझ्याकडे घेतलं होतं. अक्काला मी त्यात घेतलं. तिला एक नियमही लिहून दिला: पहाटे उल्का जास्त, सूर्य वर येईल तशा कमी. कारण पहाटे पृथ्वीची आपली बाजू तिच्या वाटेच्या पुढच्या तोंडाला असते, तेव्हा दगड जास्त अंगावर येतात. नियम बरोबर आहे. आजही बरोबर आहे. माझा घात त्यानंच केला.

पावणेदोन वर्षं, मधला एक जून रेडिओ बिघडून पडला होता तो सोडला तर, तिचे आकडे या नियमानं आले. पाचला जास्त, आठला कमी, नऊला आणखी कमी. मी तक्त्यात भरत गेलो. एकदा धर्माबादच्या त्या गृहस्थांनी लिहिलं की अक्कांचा कान म्हणजे सोनं आहे. मी मात्र शाबासकी देण्यात कंजूष. 'ठीक' एवढंच लिहायचो.

मग तो जून आला, तीन वर्षांपूर्वीचा. वादळी वाऱ्यानं तिची अँटेना वाकली होती, मेच्या शेवटी जाऊन मी ती सरळ करून आलो. आठवड्यानं तिचा फोन आला, "अरे, तू हात लावल्यापासून लई येऊन राहिलेत. सकाळी नऊला बी थांबायचं नाव न्हाई." मला वाटलं, वायर कुठंतरी सैल राहिली असणार. पुन्हा गेलो. जाताना दुर्बीण आणि कॅमेरा बरोबर घेतला, कारण त्या दिवसांत सूर्यावर डागांचा एक मोठा झुबका आला होता आणि माझ्या नोंदीत खंड पडू द्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या गच्चीवर दुर्बिणीचं तिकाटणं लावून बसलो. ढग येत होते, जात होते. डाग नेमके मध्यावर आले होते आणि मला दोन मिनिटांची फट हवी होती. आत अक्का रेडिओपाशी. साडेआठच्या सुमाराला तिनं हाक मारली, "अरे, हितं ये. ऐक तरी. लई येऊन राहिलेत."

"थांब, ढग उघडतोय."

थोड्या वेळानं ती स्वतःच उठून उंबऱ्यापर्यंत आली. वायर तेवढीच पुरत होती. हात लांब करून तिनं इअरफोन माझ्याकडे धरला. "दोनच मिन्टं. तूच ऐक आन तूच सांग."

मी डोळा कॅमेऱ्यावरून न काढता तिचा हात बाजूला सारला. "आता नको गं अक्का. दिसतंय ना मी काय करतोय?"

ती आत गेली. मला फट मिळाली. फोटो उत्तम आला. ग्रुपवर सगळ्यांनी वा वा केली. तो फोटो अजून माझ्याकडे आहे, पण मी तो उघडत नाही.

नाश्त्याला तिनं मुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. खाता खाता मी कॅलेंडर बघितलं आणि माझ्यातला सहायक जागा झाला. पाचला एकवीस, सहाला सव्वीस, आठला अडतीस, नऊला एकेचाळीस. आदले दिवसही तसेच. वायर मी तपासली होती, ती नीट होती.

"अक्का, हे शक्य नाही."

"काय शक्य न्हाई?"

"सूर्य वर आला की कमी व्हायला पाहिजेत. हे वाढतायत. तू विमानं मोजत असशील."

"इमान मला कळतं की. इमानाचा आवाज हलत हलत लांबत जातो. हे तसे न्हाईत. टपकन येतेत, टपकन जातेत."

"मग तुझा कान वाजत असेल."

मी हे सहज म्हणालो. रागानंसुद्धा नाही. हातात सुशील्याची बशी होती आणि वर शेव पेरून घेत होतो. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की नस वाळताना कानात आपोआप आवाज येतात, तेव्हा माझ्या मते हे अगदी शास्त्रीय बोलणं होतं. अक्कानं हळूच उजव्या कानात बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं, जणू तपासून बघत होती. मला वाटलं, पटलं.

लातूरला परत आल्यावर मी तक्ता भरला. अक्काच्या जूनच्या ओळीत आकड्यांच्या जागी आडव्या रेघा मारल्या आणि शेवटच्या रकान्यात शेरा लिहिला: 'निरीक्षकास श्रवणदोष. नोंदी ग्राह्य नाहीत.' आणि तक्ता नेहमीसारखा ग्रुपवर टाकला. ग्रुपमध्ये अक्का होती. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही, मीच तिला घेतलं होतं. फक्त त्या वेळी ती माझी बहीण आहे हे माझ्या डोक्यात नव्हतं. ती एक चुकलेली नोंद होती.

बायकोनं माझ्या खांद्यावरून तो शेरा वाचला. "असं लिहितात का हो? सगळ्यांसमोर?"

"शास्त्रात लाजबीज नसते," मी म्हणालो. काय तो थाट माझा!

आठवडाभर तिचे आकडे आले नाहीत. मी फोन केला.

"बंद केलं," ती म्हणाली.

"का?"

"कान दुखून राहिलाय."

मी ते मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. नंतर फोनवर आम्ही पावसापाण्याचं, सोयाबीनचं, भाच्याच्या नोकरीचं बोलत राहिलो. रेडिओचा विषय तिनं काढला नाही आणि मीही काढला नाही. हळूहळू तिला फोनवर दोनदा-तीनदा सांगावं लागायला लागलं. मग ओरडावं लागायला लागलं. पुढच्या फेब्रुवारीत एक दिवस मी हॅलो हॅलो करत राहिलो आणि पलीकडून ती शांतपणे म्हणाली, "तू बोलून राहिलास का कोन हाय, मला काय कळंना. ठेवते." तो आमचा शेवटचा फोन. आता मेसेज करतो.

मागच्या वर्षी मेअखेरीला धर्माबादच्या गृहस्थांनी ग्रुपवर एक आलेख टाकला. अक्का ग्रुपमधून केव्हाच बाहेर पडली होती. खाली लिहिलं होतं की जूनच्या सुरुवातीला एक उल्कावर्षाव भर दिवसा होतो. दगड सूर्याच्याच अंगानं येतात, म्हणून डोळ्यांना कधी दिसत नाहीत. सूर्य उगवल्यावर कमी न होता वाढतात, आठ-नऊ-दहाला सर्वांत जास्त. ते फक्त रेडिओवर कळतात. शेवटी त्यांनी साधेपणानं विचारलं होतं, 'अक्कांचे मागचे जूनचे आकडे असतीलच ना? ताडून बघू.'

मी फोन पालथा ठेवला. माझ्या कपाटात या विषयाचं एक जाड पुस्तक होतं. काढून बघितलं. दिवसाच्या वर्षावांवर त्यात पूर्ण पान होतं. सूर्याची प्रकरणं मी पेन्सिलनं रेघा मारून मारून वाचली होती आणि हे पान कोरं करकरीत होतं. त्या सकाळी माझी दुर्बीण आकाशाच्या त्याच भागाकडे वळलेली होती. वरून दगड येत होते, माझ्या पाठीमागे अक्का ते एकेक करून मोजत होती, आणि मी डाग मोजत बसलो होतो.

त्या गृहस्थांना मी उत्तर दिलं नाही. तक्ता उघडला आणि तो शेरा गुपचूप पुसून टाकला. बस्स, एवढंच केलं. पुढं वर्षभर दोनदा नांदेडला गेलो, जेवलो, झोपलो, परत आलो, आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. शब्द काढून तिला ऐकू येणार नव्हता, लिहावं लागलं असतं, आणि लिहायला माझा हात उचलेना. लाज म्हणतात ती हीच. शेवटी या जूनमध्ये बायकोच म्हणाली, "आज जा. नाहीतर मी लिहून पाठवते त्यांना सगळं."

अहमदपूर, लोहा करत एसटीनं दुपारी पोचलो. अक्काच्या दाराशी एक वही आणि दोरीनं बांधलेला पेन असतो, येणारा माणूस त्यात लिहितो. मी चपला काढायच्या आधी लिहिलं, 'जूनचे तुझे आकडे बरोबर होते. माझी चूक झाली.'

तिनं चष्मा लावून वाचलं. "कंचे आकडे?"

मी सगळं लिहिलं. दीड पान झालं. तिनं सावकाश, ओठ हलवत वाचलं.

"तुला कोन सांगितलं?"

'धर्माबादचे ते.'

"मंजी त्यांनी सांगितलं म्हणून." ती हसली, पण ते हसणं मला बोचलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि लोणच्याची बरणी बाजूला करून फळीवर अंथरलेला कॅलेंडरचा कागद ओढून काढला. तेलाचे डाग पडले होते, एक कोपरा चिकटून फाटला, पण आकडे वाचता येत होते. महिन्याच्या पहिल्या तारखेपासून चढत गेलेले, मृग लागायच्या सुमाराला सर्वांत जास्त. पुढच्या चौकटी कोऱ्या. माझ्या शेऱ्यापासून कोऱ्या. मी तो कागद हातात घेऊन रडलो. साठी उलटलेला माणूस फळीवरचा कागद धरून रडतो हे दृश्य काही बरं नव्हतं, पण इलाज नव्हता.

अक्कानं मला पाणी दिलं. मग माझ्यासमोर बसून, स्वतःला ऐकू येत नसल्यानं जरा मोठ्यानंच, म्हणाली, "आकड्याचं मला काय न्हाई रे. तक्त्यातून काढलंस, काढू दे. पण तू कान वाजतो म्हणलास ना, तवापासून माझाच माझ्यावर भरवसा राहिला न्हाई. कुकरची शिट्टी झाली तरी उठून बघायची, खरंच झाली का माझ्याच कानात झाली. कोन हाक मारली तर लवकर ओ देत नव्हते. खालच्या पोरीचं गाणं ऐकू यायचं, वाटायचं, हे बी आपलंच आसंल. जे सात-आठ महिने राहिले व्हते, त्यात मी धड काय ऐकलंच न्हाई."

मी पेन उचलला. 'माफ कर' लिहिलं. तिनं ते वाचलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चहा टाकायला गेली. तिनं माफ केलं, यात शंका नाही. तिनं मला लहानपणापासून सगळंच माफ केलंय. पण त्या महिन्यांचं काय करायचं, हे तिच्याही हातात नाही आणि माझ्याही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिनं मला रेडिओपाशी बसवलं. अँटेना तशीच होती. तिनं नवीन सेल घातले, इअरफोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तासभर ऐक."

मी ऐकत बसलो. बाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं आणि त्या दिवशी मी सूर्याचा फोटो काढला नाही. खरखर, खरखर, आणि मग एकदम एका पुरुषाचा अर्धा शब्द. मी बोट वर केलं. अक्का समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. पुन्हा खरखर. बऱ्याच वेळानं तबल्यासारखा एक ठेका. मी बोट वर केलं. असा तास गेला. कुणाची लाज राखायची राहिली नव्हती, तेव्हा मी मोजून प्रामाणिकपणे लिहिलं, 'सतरा.'

तिनं वाचलं. घड्याळ बघितलं, खिडकीतून वर बघितलं.

"ह्या येळंला चाळीस यायला पायजेत," ती म्हणाली. "लांब लांब तेवढे ऐकलेस तू. बारके तुला येऊनच न्हाई राहिले. मला तेच लई आवडायचे."

ते बारके कसे असतात, हे मी वहीत लिहून तिला विचारलं. तिनं प्रश्न वाचला. डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता सांगेल. मग तिनं डोळे उघडले आणि वही माझ्याकडे परत सरकवली.

"आता न्हाई आठवत," अक्का म्हणाली. "तवा इचारायचं व्हतंस, बाबा."